घर घेणाऱ्यास

किल्ल्या स्वयंपाकघरात, खिळ्याला आहेत.
बॉयलरचे कागद वरच्या खणात.
आणि समोर, पन्हळीचं पाणी जिथं उतरतं,
तिथं बशीसारखा एक खड्डा आहे.
दलालानं कागदावर त्याला "उतार" म्हटलंय.
उतार नाही. बुजवू नका.

एप्रिलमध्ये सेंट पॉलचा बर्फ
फुटपाथच्या कडेला काळा होऊन बसला की
गेल्या सालचे वाळके दांडे कापा,
पण वीतभर ठेवून.
त्यांच्या पोकळीत एकट्या राहणाऱ्या
बारीक मधमाश्या झोपलेल्या असतात.
मला ठाऊक नव्हतं. मी पहिल्या वर्षी
सगळं जमिनीसरशी उडवलं
आणि अंगण कसं लख्ख दिसतंय म्हणून
फोटोही काढला.

पन्हळीच्या तोंडाशी नदीतले गोटे आहेत.
त्यांच्यात छपराची रेती साचते, ती खुरप्यानं काढा.
खुरपं गॅरेजात आहे, लाकडी मुठीचं, वाकडं.
माझं नाही. पलीकडच्या शुआ व्हांगबाईंचं.
अकरा वर्षं मी ते परत द्यायला जाते,
त्या म्हणतात, तुझं काम कुठं संपलंय अजून?
तुम्हीही एकदा जाऊन बघा.

निळे आयरिस आपलं आपण बघतात.
मिल्कवीडचं तसं नाही.
बाकी सगळं हिरवं झालं तरी तेवढा तुकडा
नुसती माती.
हाल्वर गेला त्या वर्षी, वीस मेला,
मी तिथं फावडं घातलं.
मुळं पांढरी निघाली, हाताला चीक लागला.
तशीच माती वर लोटली, पायानं दाबली,
कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून
रस्त्याकडे पाहिलं.
जूनमध्ये चार कोंब आले.
तेव्हापासून या घरात नियम आहे:
जून लागल्याशिवाय कुणालाही मेलेलं धरायचं नाही.

मोठा पाऊस येतो जुलैत, रात्री, विजांसकट.
तळघरात जाऊन भिंतीला हात लावा.
कोरडी असेल.
कमरेएवढ्या उंचीवर एक तपकिरी रेघ आहे,
दोनदा रंग दिला तरी वर येते.
ती खड्ड्याच्या आधीची. त्या रात्री
हाल्वरचं अकॉर्डियन फुगून फाटलं.
पाणी ओसरल्यावर तो कुदळ घेऊन बाहेर गेला.
पत्रवाला म्हणाला, तळं करताय?
हाल्वर म्हणाला, तळं होऊ नये म्हणून.

सकाळी खड्डा काठोकाठ असेल. घाबरू नका.
पाण्यात एक काठी रोवा, घड्याळ बघा.
दुसऱ्या दिवशी नुसता चिखल उरायला हवा.
डासांना आठवडा लागतो, आपण त्यांना
एक दिवस देतो. तक्रार घेऊन
नगरपालिकेचा माणूस आला तर हेच सांगा.
दोन दिवसांनीही पाणी हटलं नाही
तर तळाशी गाळ धरलाय.
बोटभर थर खरवडा, कुजलेलं खत मिसळा.
गुडघे बोलतील.
माझे आता बोलतसुद्धा नाहीत,
म्हणून तर किल्ल्या तुमच्याकडे.

ऑक्टोबरात मेपलची पानं तोंड बंद करतात.
मग पाणी आत न शिरता ड्राइव्हवेवरून
रस्त्यावर पळतं, सगळ्या गल्लीचं तेल पोटात घेऊन
गटारातून थेट तळ्यात.
पानं ओढा. पुन्हा ओढा.
मेपल शेजाऱ्यांचा आहे, पण त्यावरून भांडू नका,
मी भांडून बघितलंय.

हिवाळ्यात काही करू नका.
हे सगळ्यात अवघड.
मीठ टाकलेला बर्फ तेवढा इकडं लोटू नका.
वाळक्या बोंडांवर पांढऱ्या टोप्या चढतात,
राखाडी पाखरं येऊन त्या पाडतात,
खाली बियांचा केर.
मी खिडकीशी खुर्ची ठेवायची.
खुर्ची नेतेय, खिडकी राहील.

एक सांगायचं राहिलं.
दक्षिणेच्या कडेला एक झुडूप आहे,
त्याचं नाव मला कधी कळलं नाही.
हाल्वरच्या यादीत नाही, पुस्तकात सापडलं नाही.
फूल एवढंसं, वासही नाही.
तण असेल.
ठेवायचं की उपटायचं, ते तुम्ही ठरवा.
मी दर वर्षी पुढच्या वर्षावर टाकलं.

मार्गिट ओपसाल